बाळंतिणीच्या कानी काय पडतं?

जुन्या वळणाच्या मराठी घरांत बाळंतिणीच्या कानात आजही कापसाचे बोळे असतात आणि त्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ. वारं लागू नये, पुढे जन्मभर डोकं दुखत राहू नये, हे त्यामागचं कारण. वाचायचं नाही, टीव्हीसमोर बसायचं नाही, कारण ओल्या बाळंतिणीचे डोळे अधू होतात असं मोठ्या बायकांचं ठाम मत. मग सव्वा महिना तीच खोली, तीच शेगडी, मालिशवाल्या बाईंची वाट, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि दर दोन-तीन तासांनी बाळाला अंगावर घेणं. हात गुंतलेले, डोळ्यांना मनाई. मोकळे उरतात ते कान, आणि त्यांतही बोळे!

नव्या आईपर्यंत पोहोचायला गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर जी वाट सर्रास धरली गेली, ती मात्र नेमकी याच कानांतून जाते. रात्रीच्या दुधाच्या वेळी ऐकायचे पॉडकास्ट, दवाखान्याने दिलेली विश्रांतीची ध्वनिफीत, दर आठवड्याला येणारा दोन मिनिटांचा सरकारी फोन, अशी त्याची अनेक रूपं. याने आईला बरं वाटतं का, हा प्रश्न साधा दिसतो. उत्तर देताना मात्र आधी ठरवावं लागतं, की बरं वाटायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं: माहिती मिळायची, सोबत मिळायची, की आजार हटायचा? या तिन्हींची गल्लत झाली की पॉडकास्टवर नको तेवढा भरवसा टाकला जातो, किंवा तो साफ निकालात काढला जातो.

आजारापासूनच सुरुवात केलेली बरी. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास अनेकींना उगाच रडू येतं, चिडचिड होते, आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. जे ओसरत नाही, ते नैराश्य. त्याची चाचपणी करण्यासाठी 1987 साली एडिंबरामध्ये दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं कोकणी रूप वापरून म्हापशाच्या आसिलो इस्पितळात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनंतर 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. भारतातल्या 38 अभ्यासांचा आणि 20,043 आयांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्यातही आकडा 22 टक्के निघाला. म्हणजे पाचातली एक तरी.

गोव्याच्या त्या अभ्यासात आकड्यापेक्षा कारणं जास्त बोलकी आहेत. पैशाची चणचण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यातलं एकही कारण कानात काही ऐकवून दूर होणारं नाही. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आवाजातून आईला धीर देण्याचा प्रयोग पॉडकास्टपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला नमुना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये घडला. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 1943 पासून 1962 पर्यंत त्यांनी बीबीसीवर सुमारे पन्नास भाषणं दिली. जॅनेट क्विग्ली आणि इसा बेंझी या दोन निर्मात्या त्यांच्या पाठीशी होत्या. 1949 मध्ये त्यांची नऊ भाषणांची जी मालिका झाली, तिच्या शीर्षकात आईसाठी ‘साधीसुधी, बाळात जीव गुंतलेली’ अशा अर्थाचे शब्द होते. बेंझींशी गप्पा मारत चालताना ते सुचले, असं विनिकॉट पुढे सांगत.

या भाषणांचं वेगळेपण कळायला त्या काळची हवा माहीत हवी. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टरांच्या शिस्तीचा ब्रिटनमधल्या घराघरांवर पगडा होता. दर चार तासांनीच दूध, रात्री नाहीच, बाळाला उगाच कडेवर घेऊन लाडावून ठेवायचं नाही. घड्याळ हाच गुरू. विनिकॉटनी मायक्रोफोनसमोर बसून याच्या उलट केलं. काय करावं याची यादी देणं त्यांनी टाळलं आणि आई न शिकवता जे करते त्याचं वर्णन केलं. ते ऐकणाऱ्या आईला नवीन माहिती फारशी मिळत नव्हती. आपण करतो आहोत ते ठीक चाललंय, एवढा दिलासा मिळत होता. आजच्या ‘बाळाला झोपवण्याचे सात उपाय’ छापाच्या भागांपुढे हा पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा आवाज अधिक आधुनिक वाटतो. (त्याच बीबीसीने 1946 मध्ये ‘वुमन्स अवर’ सुरू केलं, तेव्हा बायकांच्या त्या कार्यक्रमाचा निवेदक एक पुरुष होता, हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.)

आपल्याकडेही रेडिओने बायकांशी बोलण्याची परंपरा आहे. मुंबई आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ ऐकत स्वयंपाक उरकलेल्या पिढ्या अजून आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 2008 पासून तिथल्याच बोलीत बोलते आहे. पण मराठी घरात गरोदर बाईच्या कानाशी सर्वाधिक सलगी झाली ती गर्भसंस्काराच्या कॅसेट आणि सीडींची. डॉ. बालाजी तांबे यांच्या ध्वनिफिती आणि त्यांचं पुस्तक डोहाळजेवणाला भेट म्हणून दिलं जाई, आजही दिलं जातं. मंत्र, वीणा, बासरी; पोटाशी स्पीकर धरून बसलेली सून. इथे ऐकायचं आईने, पण ऐकवायचं बाळाला. ती मधली वाहिनी. आणि बाळ एकदा बाहेर आलं की फिती संपतात! ज्या सहा-आठ आठवड्यांत तिला आवाजाची सोबत खरोखर हवी असते, त्या काळासाठी त्या संचात तिच्यासाठी वेगळं काहीच नसतं.

पॉडकास्टने ही रिकामी जागा भरली ती आधी इंग्रजीत. अमेरिकेतल्या हिलरी फ्रँक या रेडिओ निर्मातीला मुलीच्या जन्माच्या वेळी शरीराला गंभीर इजा झाली. बरं होण्यात बराच काळ गेला. त्या एकटेपणातून 2010 मध्ये तिने ‘द लाँगेस्ट शॉर्टेस्ट टाइम’ सुरू केलं. बाळंतपण ठरवल्यासारखं झालं नाही, बाळाविषयी लगेच माया दाटून आली नाही, असं सांगणाऱ्या बायका त्यात येऊ लागल्या. 2019 मध्ये अलेक्झांड्रा सॅक्स या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी ‘मदरहुड सेशन्स’ केलं, त्यात नव्या आयांशी झालेलं त्यांचं खरं बोलणंच ऐकायला मिळे. ब्रिटनमध्ये जिओव्हाना फ्लेचर यांच्या ‘हॅपी मम, हॅपी बेबी’ या मालिकेत फेब्रुवारी 2020 मध्ये तेव्हाच्या केंब्रिजच्या डचेस केट आल्या आणि गरोदरपणातल्या भयंकर उलट्यांविषयी, आई म्हणून मनाला टोचत राहणाऱ्या अपराधीपणाविषयी बोलल्या. राजघराण्यातल्या बाईलाही हे टोचतं म्हटल्यावर कुणाला हायसं वाटलं, तर कुणाला वाटलं की दिमतीला माणसं असणाऱ्यांचं सोपं असतं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच.

या सगळ्याचा उपयोग होतो का, याची मोजदाद करणाऱ्यांना एक अडचण येते. आपणहून पॉडकास्ट लावणारी आई बहुधा शिकलेली, स्वतःचा फोन असलेली आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखू शकणारी असते. तिला बरं वाटलं तर ते पॉडकास्टमुळे की तिच्या परिस्थितीमुळे, हे सांगणं अवघड. म्हणून चिठ्ठी टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्या महत्त्वाच्या. तशा चाचण्या गप्पांच्या पॉडकास्टपेक्षा आवाजाच्या साध्या वापरांवर जास्त झाल्या आहेत.

त्यांतली एक जुनी 1989 ची. अमेरिकेत वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांना अंग सैल सोडायला लावणारी, मनाला शांत चित्रं दाखवणारी ध्वनिफीत देण्यात आली. ती ऐकणाऱ्या आयांचं एका वेळी काढलेलं दूध इतरांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त भरलं. 2012 मध्ये 162 आयांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीतही विश्रांतीच्या सूचना आणि संगीत ऐकणाऱ्यांचं दूध वाढलेलं दिसलं. मलेशियातल्या 64 पहिलटकरणींची चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, ती आणखी पुढे गेली. दूध पाजताना विश्रांतीची फीत ऐकणाऱ्या आयांचा ताण कमी झाला, त्यांच्या दुधातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं, बाळं जास्त वेळ झोपली आणि त्यांचं वजनही अधिक वाढलं. यामागची यंत्रणा साधी आहे. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागतं आणि ताण त्याच्या आड येतो. ‘मन प्रसन्न ठेव, दूध आपोआप येईल’ असं आजी सांगते ते चूक नाही. फक्त मन प्रसन्न कसं ठेवायचं ते ती सांगत नाही, आणि न जमल्याचा दोष सुनेच्या पदरात पडतो.

गाण्याचं उदाहरण जरा वेगळं आहे. लंडनमध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या 134 आयांचे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गाणी म्हटली, दुसऱ्याने बाळांबरोबर खेळ केले, तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल मिळाली. 2018 च्या या अभ्यासात, मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या बायका गाण्याच्या गटात नेहमीच्या देखभालीपेक्षा लवकर सावरल्या, खेळाच्या गटात तसा फरक दिसला नाही. पण त्या गात होत्या, नुसत्या ऐकत नव्हत्या, आणि शेजारी दुसऱ्या आया होत्या. पॉडकास्टच्या बाजूने हा दाखला देणारे एवढी गोष्ट गाळतात.

आणि भारत? इथे पॉडकास्ट हा शब्दही न ऐकलेल्या लाखो बायका वर्षानुवर्षं त्याच्या चुलत भावंडाला ऐकत आल्या आहेत. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये ‘आरमान’ ही संस्था उभी केली. तिच्या ‘एममित्र’ सेवेतून गरोदर आणि नव्या आयांना मोफत फोन जातात. मराठी, हिंदी अशी भाषा त्यांनीच निवडायची, फोन कोणत्या वेळी यावा तेही त्यांनीच सांगायचं. वेळ निवडण्याची ही सोय दिसते त्यापेक्षा मोठी आहे. वस्तीतल्या घरात फोन एकच असतो आणि तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायकांचं प्रमाण देशभरात जेमतेम 54 टक्के निघालं होतं.

‘किलकारी’ याहून मोठी. बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने ती बिहारमध्ये आकाराला आणली, जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने ती आपली केली आणि 2019 पासून ती चालवण्यात आरमानचा हात आहे. महाराष्ट्र आणि गुजरातेत ती 2024 मध्ये आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 संदेश येतात. ‘डॉक्टर अनिता’ नावाच्या काल्पनिक बाई बोलतात: ठाम, मायाळू, जरा शेजारच्या वहिनींसारख्या. मध्य प्रदेशच्या चार जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक बायकांवर हिची चाचणी झाली आणि निष्कर्ष 2022 मध्ये आले. फक्त अंगावरच्या दुधावर बाळ ठेवण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. गर्भनिरोधकांचा वापर मात्र काही टक्क्यांनी वाढला होता. एवढ्या अवाढव्य पसाऱ्याचं एवढंच फळ, असं वाटणं साहजिक आहे. तरी लाखो घरांत थोडासा फरक पडणं ही सार्वजनिक आरोग्यात लहान गोष्ट धरत नाहीत. खटकतं ते दुसरंच: 72 आठवड्यांच्या या बोलण्यात केंद्रस्थानी बाळ आहे. लस, वजन, दूध, वरचं अन्न, पुढच्या मुलातलं अंतर. आईला आज कसं वाटतंय, हा विषय त्यामानाने कोपऱ्यात.

या बाबतीत आपली सगळी यंत्रणाच बाळाकडे तोंड करून उभी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांसाठी घरी जाऊन काळजी घेण्याची जी पद्धत घडवली, तिने असंख्य जीव वाचवले आणि ती देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. एवढ्या भेटी ही केवढी मोठी संधी! त्यांच्या तपासणीच्या कागदावर दोन प्रश्न आईच्या मनाचे असते तर ध्वनिसंदेशांचं निम्मं ओझं हलकं झालं असतं.

आता एममित्रकडे परत यायला हवं, कारण तिथे एक शोध लागला तो पॉडकास्टवाल्यांनीही वाचण्यासारखा आहे. बायका फोन उचलणं हळूहळू बंद करतात, हा त्यांचा कायमचा त्रास. कोण गळणार हे आधी ओळखता आलं तर आरोग्यसेविका तिला स्वतः फोन करू शकते, पण सेविका मोजक्या आणि बायका हजारो. मिलिंद तांबे यांच्या नेतृत्वाखाली गुगल रिसर्चच्या चमूने संगणकाला हे ओळखायला शिकवलं. 2021 मध्ये सुमारे 23 हजार बायकांवर सात आठवडे प्रयोग झाला. यंत्राने सुचवलेल्या बायकांना सेविकांचे फोन गेले त्या गटात ऐकणं सुटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालं. ‘सहेली’ या नावाने ती पद्धत पुढे रोजच्या कामात आली. बातम्यांमध्ये गाजली ती कृत्रिम बुद्धिमत्ता. पण गळती थांबली ती एका बाईने दुसरीला ‘ताई, ऐकता ना?’ असं विचारल्यावर. नैराश्यात पहिल्यांदा सुटतात त्या याच गोष्टी: फोन उचलणं, उत्तर देणं. जी ऐकत नाही तिलाच बहुधा सर्वाधिक गरज असते, आणि पॉडकास्टला तिचं गप्प होणं कळतही नाही. आकडेवारीत एक श्रोता कमी, एवढंच.

माणसाच्या हाताचा पुरावा याहून बळकट आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना, म्हणजे शाळा शिकलेल्या साध्या बायकांना, नैराश्यावरचे संवादोपचार शिकवले. 903 आयांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा उपचार मिळालेल्यांत 23 टक्के, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के आया नैराश्यात होत्या. तीच पद्धत गोव्यात ‘सखी’ म्हणवणाऱ्या स्थानिक बायकांच्या हाती देण्यात आली. 2019 मध्ये आलेल्या त्या 280 बायकांच्या चाचणीत फायदा दिसला, पण माफक. कोणत्याही ध्वनिफितीने रावळपिंडीच्या तोडीचा निकाल अजून दाखवलेला नाही.

आवाजाचे धोकेही आहेत आणि ते फार लांबचे नाहीत. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला मनोविकाराचा तीव्र झटका येतो. झोप उडते, भास होतात, बाळाविषयी भलतेच विचार येतात. तिथे इअरफोन नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर लागतो. बंगळुरूच्या निमहान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे, तसे देशात फारच थोडे. दुसरा धोका जाहिरातींचा. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात भारतात 1992 च्या कायद्याने बंद आहे. पण या दुधाच्या कंपन्या ऑनलाइन क्लब आणि समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध चेहऱ्यांच्या तोंडून आयांपर्यंत कशा पोहोचतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अहवालात मांडलं आहे. मैत्रिणीच्या सुरात आलेली जाहिरात दमलेल्या कानांना पटकन पटते. तिसरा त्रास रोजचा आहे: आई, सासू, मालिशवाली, डॉक्टर आणि त्यावर पाच पॉडकास्ट. सगळ्यांचं वेगवेगळं!

मराठीत आज बाळंतपणावर ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ यांच्या लांबलचक मुलाखती यूट्यूबवर रोज येतात आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. मात्र बहुतेकींचा साचा तज्ज्ञ सांगणार, सूत्रसंचालक मान डोलावणार असाच. विनिकॉटनी जे टाळलं तेच इथे भरभरून मिळतं. ‘मला पहिले दोन महिने बाळाला जवळ घ्यावंसंच वाटलं नाही’ असं स्वतःच्या आवाजात सांगणारी वऱ्हाडातली किंवा कोल्हापूरची बाई अजून क्वचितच ऐकू येते. तिचं नाव घेतलं नाही तरी चालेल. आवाज मात्र तिचाच हवा. न्यू जर्सी किंवा लंडनला बाळंत झालेल्या मराठी मुलींना तर तो अधिकच हवा. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, लाडू करते आणि परत जाते. मग वेळेच्या फरकातून उरलेला फोन हीच माहेरची खोली.

असं काही कुणी करायला घेतलं तर एक व्यावहारिक गोष्ट आधी ठरवावी लागेल. आपल्या घरांत बाळंतीण इअरफोन घालून बसली तर कुणी ना कुणी बोलतंच, आणि बाळ रडलेलं ऐकू येणार नाही ही त्यांची भीतीही खोटी नाही. म्हणजे पुष्कळदा हे ऐकलं जाणार स्पीकरवर, खोलीत सासूबाई असताना. तेव्हा काही भाग सासूबाईंनी ऐकावेत म्हणूनच लिहायला हवेत: सतत रडणं हे नखरे नव्हेत, मुलगी झाल्याबद्दलचा टोमणा आजारात भर घालतो, रात्रीची एक वेळ नवऱ्याने बाळाकडे बघितलं तर काही बिघडत नाही. उरलेले भाग फक्त तिच्यासाठी, चार-पाच मिनिटांचे, एका बाजूच्या दुधाच्या वेळेत संपतील असे. त्यात एडिंबराच्या त्या दहा प्रश्नांपैकी दहावा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयीचा, आडपडदा न ठेवता विचारलेला असावा. आणि लगेच, संगीत सुरू होण्याआधी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक सावकाश, दोनदा सांगितलेला असावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या या सेवेत दिवसरात्र, मराठीतही, पलीकडून माणूस बोलतो.